मशीन ज्यानं न्हाई घालवलं, त्यानं भंडारा उचलावा

आमचं गाव विट्याच्या पूर्वेला, जितं पाऊस आला तर वाट चुकून आला म्हणायचं. बापजाद्यांनी मेंढरं राखली, मीबी पोरपणी थोडं मेंढरामागं फिरलो, आन् मग मामा आला आन् म्हणला चल गलाईच्या दुकानात, हितं धूळ खाऊन काय करणार. आमच्या भागात तसंच असतंय, ताई, घरटी एक माणूस तरी बाहेर, कोण पंजाबात, कोण बंगालात, सोनाराचं मोडीचं सोनं आणून भट्टीत वितळवायचं, तेजाबात टाकून चोख करायचं आन् ज्याचं त्याला परत द्यायचं. मला मदुरैला नेलं. माझ्यासंगं गावातला बाळू हुता, माझ्याच वयाचा, एकाच पोत्यावर झोपायचो, एकाच ताटात जेवायचो, भाषा दोघांनाबी कळत नव्हती म्हणून दिसभर एकमेकांशीच बोलायचो. हे बाळूचं नाव ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

गलाईत एक रीत असती. सोनार येतो, पुडी हातावर ठेवतो, जातो. चिठ्ठी न्हाई, सही न्हाई, साक्षीदार न्हाई. त्यानं इचारायचं न्हाई आन् आमी सांगायचं न्हाई, नुसता हात. आन् मामाच्या दुकानाचा वरचा एक नेम हुता, की मालातनं जे जे निघंल, बांगडीतली लाख असंल, गंठनातला दोरा असंल, काळा मणी असंल, ते समदं येगळ्या पुडीत बांधून मालाबरोबर परत द्यायचं. सोनार हसायचे, म्हणायचे हा कचरा कशाला देता. मामा म्हणायचा, कचरा हाय का काय हाय ते ज्याचा माल त्यानं ठरवायचं, आपण न्हाई. हे माझ्या हाडात बसलंय, काय सांगू तुमाला, आजबी कुणाचं काय उकललं तर पुडी बांधल्याबिगर हात धुवत न्हाई.

दुकानाच्या शेजारी मुरुगन अण्णा म्हणून रेडिओवाला हुता. त्याच्याकडं व्हॉल्वचे आम्प्लिफायर यायचे, ते काचेच्या बाटल्यांचे, चालू केल्यावर बाटल्या हळूहळू तांबूस व्हत्यात आन् मगच आवाज येतो. दिसभर माझ्या कानात भट्टीचा पंखा भणभणायचा, संध्याकाळी अण्णाच्या दुकानात त्या मशीनवर गाणं लागायचं आन् मला वाटायचं कुणीतरी कानावर कोमट तेल घातलं. भाषा कळत नव्हती, गाणंबी कळत नव्हतं, पण गाणारा माणूस म्हातारा का तरणा, उभा का बसलेला, ते कळायचं. मी जाऊन बसायला लागलो. बाळू म्हणायचा, शंकऱ्या, त्या डबड्यात काय बायको हाय का तुझी. मी म्हणायचो, असंल, तुला काय त्याचं. डाग द्यायला, म्हंजी धातू वितळवून सांधायला, मला यायचंच, सोनाराचा डाग आन् रेडिओवाल्याचा डाग, हात तोच. अण्णानं शिकवलं. आधी काय शिकवलं माहिती हाय का, की मशीन बंद केलं म्हणून मेलं न्हाई, आतल्या कंडेन्सरमदी करंट साचून ऱ्हातो आन् बंद मशीनबी माणूस मारतंय. बंद वस्तूवर इस्वास ठेवू नको म्हणला. ते मी वस्तूबाबत ध्यानात ठेवलं. माणसाबाबत न्हाई ठेवलं.

मग छंदच लागला. भंगारात मेलेलं मशीन दिसलं की घ्यायचं, जुनी स्पीकरची पेटी दिसली की घ्यायची. आन् माझं काम नुसतं दुरुस्तीचं नव्हतं, हे नीट लिवा. दुरुस्ती म्हंजी बंद पडलेलं चालू केलं, झालं. मी त्याच्या पुढं जायचो. जुन्या काळात कंपनीनं स्वस्तात जो कंडेन्सर घातला, कागदाची गुंडाळी आन् वरनं मेण, तो काढून आत्ताचा चांगला घालायचा, पेटीतली बारीक वायर काढून जाड घालायची, स्पीकरच्या कागदी कोनाची कड कुजली की नवी चिकटवायची, आन् मग ऐकायचं. एकच बदलायचं आन् ऐकायचं. समदं एकदम बदललं तर कशानं काय झालं कळत न्हाई. कवा कवा चांगला महागाचा कंडेन्सर घातला आन् आवाज कोरडा झाला म्हणून परत काढलाय मी. ह्यात पोटाला काय मिळायचं न्हाई. कुणाला इकलं न्हाई, कुणाला दाखवलं न्हाई. गलाईत आयुष्यभर दुसऱ्याचं चोख केलं, हे एक माझ्यापुरतं चोख करत हुतो.

तेजाबाच्या वाफेनं छाती धरली तवा गावाकडं आलो. सुमन, माझी मालकीण, म्हणली, आवं, लोकं मदुरैवरनं सोनं आणत्यात, तुमी टेंपो भरून पत्रं आणलं. म्हणली खरी, पण पडवीत मला टेबल तिनंच मोकळं करून दिलं, वर म्हणली, लसूण सोलायला हितंच बसणार मी, तुमच्या बाटल्यांनी सरकून घ्यायचं.

आता गावच्या मशीनचं सांगतो. आमच्या बिरोबाच्या यात्रेला देशभरचे गलाईवाले गावात येत्यात, लगीन चुकलं तर चालंल, यात्रा चुकायची न्हाई. मागल्या पिढीतल्या गलाईवाल्यांनी वर्गणी काढून देवासाठी एक व्हॉल्वचं मोठं मशीन आन् दोन कर्णे घेतले हुते, धनगरी ओव्या समद्या माळाला ऐकू जाव्यात म्हणून. आन् गावानं देवळात बसून ठराव केला हुता, की गावचं मशीन बोलतंय तवर बाहेरचं मशीन देवळापुढं लागायचं न्हाई. तोंडी ठराव, पण आमच्यात तोंडी म्हंजी पक्का. मधल्या काळात ते मशीन बंद पडलं, देवळाच्या खोलीत कबुतरं त्याच्यावर बसायला लागली, आन् मोकळ्या जागेत डीजे घुसला. त्या भिंतीएवढ्या पेट्या, ताई, डीजे बंद करा म्हणून ज्याच्यावर सही मागायला आलाय त्या पत्रकात तुमी लिवलंय की त्यानं म्हाताऱ्यांची छाती थरथरती. छातीचं सोडा. नाना ओव्या गायचे आन् त्यांच्या ओठाकडं बघून ओळखावं लागायचं कुठली ओवी चाललीय.

नाना म्हंजी गावचे ओवीवाले, बिरोबाची समदी कथा तोंडपाठ, गुडघ्यावर हात ठेवून गाणार. एकदा पडवीत आले, माझं एक मशीन चालू हुतं, ऐकत बसले, आन् जाताना म्हणले, शंकर, देवाचं मशीन तेवढं बघ की रं, माझा आवाज हाय तवर. मी म्हणलं बघतो. तानाजीनं खोलीचं कुलूप काढून दिलं. तानाजी म्हंजी माझ्या चुलतभावाचा पोरगा, यात्रा कमिटीचा अध्यक्ष, मला तात्या म्हणतो. तवा लय गोड बोलला, तात्या, तुमच्या हातनं जिवंत झालं तर देवाचीच इच्छा.

उन्हाळाभर मी त्याला लागलो. कबुतराची घाण खरवडली. मेणाचे कंडेन्सर समदे गळत हुते, करंट नको तितं जाऊन मोठे व्हॉल्व लालबुंद व्हायचे, ते समदे काढले आन् माझ्याजवळचे साठवणीतले चांगले घातले, जे मी माझ्या मशीनला घालायला जपून ठेवले हुते. कर्ण्याच्या युनिटमदला पडदा बदलला. जे जे काढलं ते लाल फडक्यात पोटळी बांधून मशीनच्या आतच, कोपऱ्यात, तारेनं बांधून ठेवलं. माल देवाचा, पुडी देवाची. यात्रेला लावलं. बाटल्या तापल्या, घुम्म न्हाई का खरखर न्हाई, माझीच मान वर झाली की चालू हाय का बंद, आन् तेवढ्यात नानांनी ओवी उचलायच्या आधी जो श्वास घेतला ना, तो श्वास माळावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू गेला. पाळण्याकडं गेलेली पोरं माघारी वळली. सुमन म्हणली, आवं, नाना माझ्या शेजारी बसल्यागत वाटलं. त्या साली डीजे लागला न्हाई. ठरावच हुता तसा.

बाळू यात्रेला आला हुता. तो गलाई सोडून वाईला ऱ्हायला गेलाय, जुन्या घरातली पितळी भांडी, लाकडी खांब, घड्याळं, रेडिओ असलं उचलतो आन् पुण्याकडच्या हॉटेलवाल्यांना सजावटीला देतो. मला मिठी मारली, डोळ्यात पाणी आणलं, म्हणला शंकऱ्या, मदुरैचं चीज केलंस गड्या. मी म्हणलं, एकच ऱ्हायलंय बघ, ट्रान्सफॉर्मर गरम व्हतोय, त्याची गुंडाळणी नव्यानं करायला पायजे, ती घरी व्हत न्हाई. बाळू म्हणला, मग काळजी कशाला, साताऱ्यात माझा माणूस हाय, गाडी मोकळीच चाललीय, दे माझ्याकडं, ऐकून ऐकून करंल तो. तानाजीनं स्वतः खोली उघडली, मशीनला एका बाजूनं त्यानं हात लावला, दुसऱ्या बाजूनं मी. नाना देवळाच्या पायरीवर बसलेले हुते. समद्यांनी बघितलं. आन् मी काय केलं, जे आयुष्यभर केलं तेच केलं. बाळूच्या हातावर हात ठेवला. चिठ्ठी न्हाई, सही न्हाई, कवा आणणार इचारलं न्हाई. आमच्यात असं इचारलं तर समोरच्याचा अपमान असतो.

मग फोन करायचो. गुंडाळणीवाला आजारी हाय. तार मिळंना. करतोय, घाई करून वाईट काम पायजे का तुला. मीच म्हणायचो, न्हाई बाबा, सावकाश करू दे. पुढची यात्रा जवळ आली आन् देवळात बैठक बसली. कुणीतरी इचारलं, गावचं मशीन कुठं हाय. तानाजी उठला आन् माझ्याकडं न बघता म्हणला, तात्यांनी दुरुस्तीला नेलंय, जबाबदारी त्यांची हाय. मी म्हणलं, तानाजी, तूच तर उचलू लागलास. तो म्हणला, तुमी सांगितलं म्हणून उचलू लागलो, मला काय म्हाईत तुमचं आन् त्यांचं काय ठरलंय. मागनं कोणतरी हसत म्हणलं, गलाईवाल्याच्या हातात दिलं की थोडं घटायचंच. समदे हसले. ताई, त्या बैठकीत निम्मे गलाईवाले हुते. तेबी हसले. आन् मग ठरलं, की गावचं मशीन न्हाई म्हणल्यावर इलाज न्हाई, डीजे सांगावा लागंल. सोनं नेऊन परत न आणणारा गलाईवाला, त्याला आमच्या भागात पाणीसुदीक कोण इचारत न्हाई, आन् ती जागा माझी झाली. हाटेलात गेलो की बाकडं मोकळं व्हायचं. सुमनला पाण्याच्या टाकीपाशी बायका इचारायच्या, मशीनला काय आलं गं.

मी एसटी धरून वाईला गेलो. बाळूनं चहा मागवला. मी म्हणलं चहा नको, मशीन दे. इकडचं तिकडचं बोलला, घाटावरची गर्दी, गुडघेदुखी. मी उठून त्याच्या गोदामात शिरलो, घड्याळं हुती, पाळणे हुते, देवळातल्या घंटासुदीक हुत्या, आमचं मशीन नव्हतं. मग बाळू दारात येऊन उभा ऱ्हायला आन् म्हणला, शंकऱ्या, माझ्या अंगावर येऊ नको. पुतण्याला इचार तुझ्या. त्यानंच मला सांगितलं हुतं, तात्या देतील, तुमी न्या आन् परत आणू नका. मी म्हणलं खोटं बोलतोस. तो म्हणला, अरे येड्या, ते मशीन बोलतंय तवर डीजे लागणार कसा? तू ते बंद पडलेलं ऱ्हाऊ दिलं असतंस तर कुणाला नडत नव्हतं. तू सुधारून ठेवलंस. पोरांना डीजे पायजे, म्हाताऱ्यांच्या तोंडावर ठराव मोडायची हिंमत कुणात न्हाई, मग मशीनच घालवलं. मी नुसती गाडी लावली. म्हंजी बघा, माझं कामच नडलं. आन् बाळू हे सांगत हुता ते माझी कीव आली म्हणून न्हाई, त्याला वाटत हुतं की आता मी त्याला सोडून तानाजीवर जाईन. मी इचारलं, आन् तू? पोत्यावर झोपलेला तू? तर म्हणला, मी न्हाई नेलं असतं तर दुसऱ्यानं नेलं असतं. हे एक वाक्य मी कितीदा ऐकलंय, ताई. पाप करणाऱ्या समद्यांच्या तोंडात हे एकच वाक्य कसं असतंय?

मशीन खंडाळ्याच्या बाजूला, हायवेच्या एका हॉटेलात हुतं. गेलो. गल्ल्याशेजारी काचेच्या पेटीत ठेवलेलं, पुसून चकाचक केलेलं, आन् बाटल्या निळ्या जळत हुत्या. निळ्या! खालनं बारके लाईट लावलेले. मालक भला माणूस हुता, त्यानं रीतसर घेतलेलं, त्याला काय म्हाईत. मी म्हणलं हे माझ्या हातचं हाय, एकदा उघडून बघू द्या. उघडू दिलं. ट्रान्सफॉर्मर न्हाई. मी घातलेले कंडेन्सर कापून काढलेले, जुन्या मशीनवाल्यांत त्यालाबी गिऱ्हाईक असतंय. मधी मोबाइलची गाणी घेणारी एवढीशी पट्टी, आन् आवाज छतातल्या स्पीकरमधनं. आमचं मशीन नुसतं तोंड दाखवायला बसवलेलं. फक्त कोपऱ्यात, तारेनं बांधलेली, लाल पोटळी तशीच हुती. तिच्याकडं कुणाचं लक्षच गेलं न्हाई, किंवा गेलं असंल तर कचरा म्हणून सोडली असंल. मी मालकाला म्हणलं, एवढी नेतो. तो म्हणला, न्या की काका, आणि जेवून जा. जेवलो न्हाई.

यात्रेच्या तोंडावर बैठक हुती, सरळ देवळात गेलो. पोटळी बिरोबाच्या पायरीवर उलटी केली. म्हणलं, मशीनमधनं मी जे काढलं ते समदं हे, एक सुदीक कमी न्हाई. आता मशीन ज्यानं घालवलं, त्यानं बोलावं. आन् मी न्हाई घालवलं म्हणणाऱ्यानं भंडारा उचलावा. आमच्यात भंडारा हातात घेऊन खोटं बोलत न्हाईत, तो देवाचा हळदीचा भंडारा, तो उचलला की मागं फिरायला जागा न्हाई. मी आधी उचलला. म्हणलं, मी फक्त गुंडाळणीला दिलं, दुसरं काय ठरवलं असंल तर माझ्या पोराबाळांवर पडो. मग तानाजीपुढं भंडाऱ्याचं ताट केलं. तानाजी म्हणला, तात्या, आता देवाला कशाला मधी आणताय, झालं गेलं सोडा की. मी ताट पुढच्याकडं नेलं. त्यानं मान खाली घातली. पुढच्याकडं. त्यानं मोबाइल काढला. एकेकापुढं ताट फिरवलं, आन् कोण उचलंना, तवा मला कळलं. समद्यांना ठावं हुतं. माझ्या दारावरनं जाताना राम राम घालणारे, हाटेलात बाकड्यावरनं उठणारे, हसणारे, समद्यांना ठावं हुतं मशीन कुठं गेलं, आन् तरी मला चोर म्हणून फिरू दिलं, कारण चोर सापडला की ठरावाचं तोंड बंद व्हतंय.

शेवटी ताट नानांपुढं आलं. नाना उठले. भंडारा चिमटीत घेतला, मला वाटलं आता बोलतील, पायरीवर बसून ह्यांनी बघितलंय, ह्यांच्या आवाजासाठी तर मी हे केलं. नानांनी तो भंडारा माझ्या कपाळाला लावला. आन् खाली बसले. त्यांचा नातू डीजेच्या गाडीवरच असतो, हे मला नंतर कळलं. लोकं म्हणत्यात नानांनी तुझी बाजू घेतली. घेतली? ज्या माणसाचा श्वास मी माळाच्या शेवटापर्यंत पोचवला, त्याला एक शब्द माझ्यासाठी देवळाच्या उंबऱ्यापर्यंत पोचवता आला न्हाई. कपाळाला भंडारा लावणं सोपं असतंय, ताई.

त्या यात्रेला डीजे लागला. ह्या यात्रेलाबी लागला. नाना गात्यात, ओठ हलत्यात. मी जात न्हाई. तुमी म्हणता पत्रकावर माझी सही पायजे, डीजे बंद करा म्हणून. करतो सही, पण त्यात हेबी लिवा. पेट्या बाहेरनं आल्या असतील, दार आतनं उघडलं, आन् ज्यानं उघडलं त्याला येणारे-जाणारे अजून नमस्कार घालत्यात. लिवताना हात आखडू नका.

हे ऐकताय ना, पडवीत जे गाणं लागलंय? ती पेटी तानाजीच्या घरची हाय. त्याच्या बापानं, माझ्या चुलतभावानं, लुधियानाहून आणलेली. कोनची कड कुजली हुती, वैनीनं, तानाजीच्या आईनं, डोक्यावरनं आणून दिली, म्हणली, भावजी, ह्यांची आठवण हाय, आवाज नीट करा, आन् पोराचं मनावर घेऊ नका. मी म्हणलं, वैनी, आवाज नीट करतो. कड नवी घातली, आतला कंडेन्सर चांगला घातला, वायर बदलली. आता ती पेटी ज्या दिवशी आणली त्या दिवसापेक्षा बरी बोलती. जे काढलं त्याची पुडी मागं बांधलीय. वैनी दोनदा न्यायला आली. दोन्ही येळा चहा पाजून माघारी लावली. म्हणलं, माल तानाजीचा हाय, मला एक दिस ठेवायचा न्हाई. पण न्यायला त्यानंच यायचं, ह्या पडवीत, माझ्यासमोर, आन् एका बाजूनं तो धरंल, दुसऱ्या बाजूनं मी धरीन, जसं त्या दिवशी धरलं हुतं.

अजून आला न्हाई. बिरोबा त्याला आयुष्य देवो, लय देवो. मला घाई न्हाई. दार उघडंच असतंय, ताट हितं खिडकीत हाय, आन् भंडारा दर रविवारी नवा घालतो.